ट्रेमधली वीस मिनिटं

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, टाके सुकले आणि महिन्याभराने बेंबीजवळच्या छिद्रातून पाणी यायला लागलं. अशी तक्रार कुठे छापून आली किंवा व्हॉट्सॲपवर फिरली की वादाचे दोन फड लगेच रंगतात. एका फडात सूर असतो की डॉक्टरने निष्काळजीपणा केला, ग्राहक आयोगात खेचा. दुसऱ्या फडात डॉक्टर मंडळी असतात. पेशंटला शुगर होती, घरी ड्रेसिंग नीट ठेवलं नाही, गुंतागुंत कोणत्याही ऑपरेशनमध्ये होते आणि संमतिपत्रावर तशी सही आहे, असं त्यांचं उत्तर. चार दिवस धुरळा उडतो आणि खाली बसतो. पोटात गेलेली ती हत्यारं त्याआधी कशात बुडवली होती, किती वेळ, आणि बाहेर काढून कोणत्या पाण्याने धुतली, हे मात्र दोन्हीकडचं कोणी विचारत नाही. माझ्या मते या संसर्गापुरता तरी खरा प्रश्न एवढाच आहे. शरीराच्या आत जाणारी हत्यारं रसायनात थोडा वेळ बुडवून पुन्हा वापरण्याची पद्धत कायद्याने बंद व्हायला हवी, आणि अशा प्रत्येक संसर्गाची सरकारदरबारी नोंद सक्तीची व्हायला हवी.

हा संसर्ग वेगळा का, ते आधी सांगायला हवं, कारण वाद भरकटतो तो इथेच. ऑपरेशननंतर जखमेत पू होण्याचा नेहमीचा प्रकार साधारण आठवड्याभरात दिसतो. जखम लाल होते, ठणकते, ताप येतो, स्टॅफिलोकॉकससारखा ओळखीचा जंतू सापडतो आणि योग्य अँटिबायोटिकने प्रकरण बहुधा निवळतं. आपण बोलतोय त्या संसर्गाची चाल उलटी आहे. जखम आधी छान भरते. टाके निघतात, बाई स्वयंपाकाला लागते, आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बेंबीपाशी किंवा ज्या छिद्रातून पित्ताशय ओढून काढलं तिथे एक गाठ हाताला लागते. ताप बहुधा नसतोच. गाठ जांभळट होते, फुटते, पांढुरकं पाणी येतं, सुकल्यासारखं वाटतं, मग शेजारी दुसरं तोंड फुटतं. मायकोबॅक्टेरियम फोर्च्युइटम, चेलोनी, ॲब्सेसस ही यामागची मंडळी. क्षयाच्या जंतूची ही भावंडं, पण राहतात माती-पाण्यात. (चेलोनी तर १९०३ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा सापडला तो कासवाच्या फुप्फुसात.) नळाच्या पाइपात आणि टाकीच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर धरतो त्यात ती सुखाने नांदतात, आणि अंगावरच्या मेणचट आवरणामुळे क्लोरीनलाही सहजासहजी दाद देत नाहीत.

मग पेशंटची फरफट सुरू होते. पू तपासायला जातो, लॅब दोन दिवसांनी ‘नो ग्रोथ’ लिहून कल्चरची थाळी टाकून देते, आणि या जंतूंना थाळीवर उगवायलाच तीन ते सात दिवस लागतात. अंदाजाने एक अँटिबायोटिक होतं, मग दुसरं, मग त्याहून महागडं. शेवटी कोणीतरी जखमेचा तुकडा तपासायला पाठवतं. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा (दाहक पेशींची बारीक गाठ) येतो आणि आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की पहिलं नाव टीबीचं. एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, सुरू होते. लघवी केशरी होते, तोंडाची चव जाते, घरात क्षयाची कुजबुज होते आणि जखम वाहायची थांबत नाही, कारण क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना हे जंतू सहसा जुमानत नाहीत. निदान नेमकं झालंच तर क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं, कधी लिनेझोलिड असा महिनोन्‌महिने चालणारा उपचार, आणि कित्येकदा ती सगळी गाठ कापून काढण्याचं दुसरं ऑपरेशन. हर्नियासाठी जाळी बसवली असेल तर ती काढून टाकण्याची पाळी येते. हे सगळं सेंटिमीटरभर छिद्रापायी.

आता ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये या. तालुक्याच्या गावातलं छोटं नर्सिंग होम. लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) करणारे सर रविवारी शहरातून येतात आणि त्यांची इन्स्ट्रुमेंट्सची बॅग गाडीच्या डिकीत असते. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. चार केसेस लागल्यात, संच एकच. पहिली लॅप-कोली, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची केस, संपते. ओटीतला मामा ट्रोकार, ग्रास्पर, मेरीलँड (बाकदार जबड्याचा चिमटा), क्लिप ॲप्लिकेटर असं सगळं सिंकमध्ये नळाखाली धरतो, ब्रश फिरवतो आणि रसायनाच्या ट्रेमध्ये सोडतो. रसायन म्हणजे ग्लुटराल्डिहाइड, दोन टक्क्यांच्या आसपासचं. कंपनी कोणतीही असो, ओटीत त्याला सायडेक्सच म्हणतात. त्याच्या वाफेने सिस्टरांचे डोळे चुरचुरतात, वर्षानुवर्षं तिथेच काम करून काहींना दम्याचा त्रास लागतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि त्यावर कोणी लिहीत नाही हेही खरं. ट्रेमध्ये वीस मिनिटं ठेवायचं. पुढचा पेशंट टेबलावर घेतलेला असला की त्याची पंधरा होतात. मग बाहेर काढून पाण्याच्या तसराळ्यात खळबळायचं, कारण ते रसायन पोटात जाऊन चालत नाही. हे पाणी निर्जंतुक हवं. प्रत्यक्षात ते सकाळी उकळून झाकून ठेवलेलं असतं, किंवा फिल्टरचं, किंवा घाईत थेट नळाचं.

या एका दृश्यात दोन भगदाडं आहेत. मेरीलँडच्या जबड्याचा सांधा, दांडीवरचं इन्सुलेशन आणि आतली बारीक पोकळी यांत रक्त आणि जळून चिकटलेली चरबी अडकते. हत्यार पूर्ण सुटं होत नसेल तर ब्रश तिथे जात नाही, आणि ब्रश जात नाही तिथे द्रावणही नीट पोचत नाही. पोचलं तरी वीस मिनिटांत चिवट जंतू आणि बीजाणू मरतातच असं नाही. सगळं संपवायचं तर अशा द्रावणांच्या बाटल्यांवरच दहा-दहा तासांची मुदत छापलेली असते. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये नीट मांडलेली उपकरणांची वर्गवारी जगभर शिकवतात. तिचा पहिलाच नियम असा की शरीराच्या निर्जंतुक भागात शिरणारी वस्तू पूर्ण निर्जंतुक हवी, थोडीफार नव्हे. दुसरं भगदाड पाण्याचं. वीस मिनिटांत जे जंतू मेले असतील त्यांच्या जागी तसराळ्यात खळबळताना पाण्यातले नवे येऊन चिकटतात. बंगळुरूच्या एका रुग्णालयात छिद्रांच्या संसर्गाची अशी साथ आली, तेव्हा शोध घेता घेता डॉक्टर याच खळबळण्याच्या पाण्यापाशी पोचले. त्यांनी ते २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापूनही टाकलं. म्हणजे ही गोष्ट आपल्याला माहीत नाही असं नाही.

असा भरकटलेला वाद आपल्याकडे पूर्वीही झाला आहे, आणि तो मुंबईच्या परळशी जोडलेला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचली गेली. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली, त्यातले एका विशिष्ट बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने गेले. लस परळच्या प्रयोगशाळेतली, वाल्देमार हाफकिन यांची. चौकशी बसली, हाफकिनना निलंबित केलं गेलं, आणि वाद दोन टोकांना गेला. एका बाजूला ‘हा माणूस बेफिकीर आहे’, दुसऱ्या बाजूला ‘लसच घातक आहे’. प्रयोगशाळेत निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती, त्यावर खल झाला. पण मुल्कोवालच्या साक्षीत एक बारीक तपशील होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिक या जंतुनाशकाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला गेला. त्या बाटलीतल्या इतर खुणाही याच दिशेने बोट दाखवत होत्या. या चिमट्याला न्याय मिळायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून आवाज उठवला, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले. ज्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं ती आज परळला दिमाखात उभी आहे, आणि कार्बोलिकमध्ये बुचकळलेला चिमटा सायडेक्सच्या रूपाने रविवारच्या केसेसमध्ये हजर आहे.

विरोधी बाजू पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिचे तीन मुद्दे वजनदार आहेत. पहिला असा की लाखो ऑपरेशनं होतात आणि हा संसर्ग मोजक्यांना होतो. अमेरिकेतसुद्धा कित्येक वर्षं लॅप्रोस्कोप अशाच द्रावणात बुडवून वापरत होते आणि संसर्गाचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली नोंदलं गेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती नोंद बहुतांशी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या लॅप्रोस्कोपीची आहे. आत बघायचं, फार तर नळी बंद करायची, असं सुटसुटीत काम. आजच्या पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सांधेवाली, पोकळ, करंटवर चालणारी डझनभर हत्यारं आत-बाहेर करतात. शिवाय तिथे आधीची सफाई आणि नंतरचं निर्जंतुक पाणी गृहीत होतं. आपण वीस मिनिटं तेवढी उचलली. आणि ‘मोजक्यांना होतो’ हे आपल्याकडे मोजलं कोणी? शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाची नोंद ठेवणारी रुग्णालयं साधारणपणे पहिले तीस दिवस मोजतात, जाळीसारखी वस्तू बसवली असेल तर नव्वद. हा जंतू बरोबर त्या तीस दिवसांच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे उगवतो. तोवर पेशंटने डॉक्टर बदललेला असतो, दुसऱ्या डॉक्टरने टीबीची फाइल उघडलेली असते, आणि पहिल्या सर्जनच्या वहीत ती केस ‘उत्तम’ म्हणून मिटलेली असते.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात अस्वस्थ करतो. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली लॅप्रोस्कोपिक पित्ताशय शस्त्रक्रिया केली, तेव्हा ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत’ असा आक्षेप होता. उडवाडिया उलट सांगत राहिले की याची खरी गरज हातावर पोट असणाऱ्याला आहे, कारण त्याला लवकर कामावर जाता येतं. पुढच्या दोन-तीन दशकांत हे तंत्र तालुक्यापर्यंत पोचवलं ते लहान नर्सिंग होमनी आणि डिकीत बॅग घेऊन फिरणाऱ्या सर्जननी, कॉर्पोरेट साखळ्यांनी नव्हे. उद्या बुडवणं बंद केलं तर हत्यारं कमी तापमानात निर्जंतुक करणारं महागडं प्लाझ्मा मशीन कोण घेणार? ऊस तोडणारी बाई पुन्हा पोटावर वीतभर चिरा घेणार आणि दोन महिने घरी बसणार. तेव्हा गरिबाच्या नावाने कडक नियम मागणाऱ्यांनी गरिबाची ही बाजूही विचारात घ्यावी, असा हा युक्तिवाद आहे. मला तो खोटा वाटत नाही, अर्धा वाटतो.

कारण गरिबाला स्वस्त म्हणून जे देतो त्याचा हिशेब कोणाच्या अंगावर फिटतो, ते आपण पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदीच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली आणि १३ जणी दगावल्या. मृत्यू जंतूंमुळे की भेसळीच्या गोळ्यांमुळे यावर पुष्कळ वाद झाला, आणि मी त्यात पडत नाही. मला नुसता गुणाकार करायचा आहे. दोन बायकांच्या मधे दुर्बीण वीस मिनिटं बुडवायची म्हटलं तर ८३ जणींना २७ तास नुसते बुडवण्यात जातात. तीन दुर्बिणी असतील तरच एका चमूने दिवसाला जास्तीत जास्त तीस, हा सरकारी नियम तेव्हाही कागदावर होता. म्हणजे वीस मिनिटांचा शिष्टाचारसुद्धा गर्दी वाढली की उरत नाही. जी पद्धत पाळली तरी अपुरी आणि घाईत पाळलीच जात नाही, तिला गरिबांची सोय म्हणायचं?

आणि पैशाचं म्हणाल तर प्लाझ्मा मशीन हा एकच रस्ता नाही. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह तर नर्सिंग होममध्ये असतोच. आजची बहुतेक धातूची हत्यारं त्यात जातात, पुष्कळ नव्या दुर्बिणीही वाफ सोसतील अशाच येतात. जे सोसत नाही ते ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने करता येतं. त्याला वेळ लागतो, वायू पुरता निघून जाईपर्यंत वस्तू वापरता येत नाही, म्हणून एका संचावर दिवसात चार केसेस होणार नाहीत. खरा खर्च हा आहे: दुसरा, तिसरा संच, नाहीतर रविवारी चारऐवजी दोन केसेस. तो खर्च आहे हे मान्य, पण अशक्य नाही. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले तेव्हाही लहान दवाखाने बंद पडतील अशीच ओरड होती. झालं काय? प्रत्येकाने भट्टी बांधली नाही. गावोगावचा कचरा गोळा करणारी सामायिक केंद्रं उभी राहिली, आणि आज पिवळी पिशवी न्यायला गाडी येते. हत्यारं निर्जंतुक करून देणारी तशी केंद्रं चार-पाच तालुक्यांत मिळून एक, अशी का उभी राहू नयेत? इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखांनी मनावर घेतलं तर सरकारचीही वाट बघायला नको.

बंदीने लॅप्रोस्कोपी बुडते या भीतीला ब्राझीलने उत्तर दिलेलं आहे. रिओ द जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांत अशा संसर्गाचे १,०५१ संभाव्य रुग्ण सापडले. तिथला जंतू २ टक्के ग्लुटराल्डिहाइड चक्क पचवत होता. तुम्ही कितीही इमानाने बुडवा, तो जिवंत बाहेर येणार. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या आरोग्य नियामक संस्थेने अशा शस्त्रक्रियांची हत्यारं द्रव रसायनात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदीच घातली. ब्राझीलही आपल्यासारखाच, सरकारी इस्पितळं आणि लहान क्लिनिक यांच्यात वाटलेला, पैशांची ओढाताण असलेला देश आहे. तिथे दुर्बिणीची ऑपरेशनं थांबली नाहीत. एक खरं की बंदी म्हणजे जादू नाही. सांध्यात रक्त वाळलेलं हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये घाला नाहीतर प्लाझ्मात, घाण आतच राहते. सिंकवरच्या मामाला कोणी नीट शिकवलं नाही, त्याला हत्यार सुटं करायला वेळ दिला नाही, तर महागडं मशीन शोभेचं.

तिसरा मुद्दा पेशंटच्या घरचा. या जंतूचं घर नळाचं पाणी असेल तर पेशंटच्या न्हाणीघरातूनच तो कशावरून आला नाही? एकट्या केसपुरतं हे म्हणणं खोडता येत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही सर्जनला एका केसवरून फासावर देऊ नये. पण एकाच ओटीत, त्याच पंधरवड्यात ऑपरेशन झालेल्या पाच जणांना, पाच वेगळ्या गावांत, एकच जंतू झाला तर पाच न्हाणीघरांचा योगायोग कोण मानेल? अडचण अशी की ते पाच जण एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते पाच वेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि पाचही जणांना वाटतं, आपल्याच नशिबी हे आलं. शिवाय सर रविवारी सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात ऑपरेशन करत असतील, तर नर्सिंग होम म्हणतं हत्यारं सरांची, आणि सर म्हणतात धुणारा माणूस तुमचा. दोघंही खरंच बोलतात, आणि जबाबदारी डिकीत बसून पुढच्या गावाला जाते.

म्हणून नोंद. टीबीची नोंद खासगी डॉक्टरांनाही सक्तीची व्हावी असं मे २०१२ मध्ये ठरलं, तेव्हा गोपनीयतेपासून कटकटीपर्यंत सगळे आक्षेप घेऊन झाले. आज ती नोंद होते. त्याच व्यवस्थेत एक रकाना वाढवा: शस्त्रक्रियेच्या जखमेतला क्षयेतर मायकोबॅक्टेरियम, ऑपरेशनची तारीख, ठिकाण, हत्यारं कशाने निर्जंतुक केली. यात शिक्षेची भाषा नको. पहिल्या केसला शिक्षा ठेवली तर पहिली केस कधीच कळणार नाही, हे ग्राहक आयोगाची धमकी देणाऱ्या फडाने लक्षात घ्यावं. एकाच ठिकाणाहून दुसरी-तिसरी केस आली की जिल्हा यंत्रणेने जाऊन ट्रे, पाणी आणि सिंक तपासावं, ओटी चार दिवस बंद ठेवावी, आणि त्या महिन्यातल्या सगळ्या पेशंटना फोन करावा. शेवटचं काम सगळ्यात अवघड जाईल, कारण स्वतःहून फोन करायला धैर्य लागतं आणि आपल्याकडे फोन केला की दगड येतो ही भीती अनाठायी नाही.

राहिला पैसा. महात्मा जोतिराव फुले योजनेत ठरलेली रक्कम एकगठ्ठा येते, खासगी विमा कंपन्या ‘कन्झ्युमेबल’ म्हणून कात्री लावतात, आणि या दोन्हींत हत्यार धुऊन निर्जंतुक करण्याचं वेगळं नाव कुठेच नाही. ज्या कामाला बिलात ओळ नाही ते काम सगळ्यात आधी उरकलं जातं. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी नर्सिंग होमना दरफलक लावायला सांगितलं. त्या फलकावर हत्यारं कशाने निर्जंतुक होतात हे एका ओळीत लिहायला सांगणं काही जगावेगळं नाही. योजनेच्या पॅकेजमध्ये त्यासाठी वेगळी रक्कम द्या, आणि हत्यारं निर्जंतुक झाल्याचं दाखवणारी ऑटोक्लेव्ह किंवा ईटीओची पट्टी केसपेपरला चिकटवल्याशिवाय ती रक्कम देऊ नका. बंदीला दोन वर्षांची मुदत द्या, सरकारी इस्पितळांपासून सुरुवात करा. तोवर लॅबवाल्यांनी एवढं तरी करावं, की ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आलेल्या पुवाचं कल्चर दोन दिवसांत टाकून देऊ नये. थाळी सात दिवस ठेवायला इन्क्युबेटरमध्ये थोडी जागा लागते, बाकी काही नाही. आणि फॉर्मवर ‘एएफबी, सात दिवस ठेवा’ (एएफबी म्हणजे क्षयाच्या कुळातल्या जंतूंची तपासणी) एवढं लिहायला कोणत्याही सर्जनला कायद्याची गरज नाही.